आणीबाणीच्या आडोशाला उभा असलेला पुरुष : नसबंदीच्या इतिहासाचा धागा

१/
जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत आज ‘नसबंदी’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याला आधी बिबट्या आठवतो. उसाच्या फडांत वाढलेल्या बिबट्यांची संख्या कशी रोखावी, यावर तेथे पारावर आणि वर्तमानपत्रांत उघड चर्चा चालते. माणसांच्या, त्यातही पुरुषांच्या नसबंदीवर मात्र त्याच पारावर कोणी बोलत नाही. या मौनाचे कारण विचारले की एक ठरलेले ऐतिहासिक उत्तर मिळते : आणीबाणी. हा धागा त्या उत्तराची झडती घेण्यासाठी आहे.

२/
युक्तिवाद सर्वपरिचित आहे. १९७६ साली सरकारने पुरुषांना धरून धरून नसबंद्या केल्या, ती दहशत समाजमनात खोल रुतली आणि म्हणून आजही भारतीय पुरुष या शस्त्रक्रियेला तयार होत नाही. यातील पहिले वाक्य खरे आहे, दुसरेही बऱ्याच अंशी खरे आहे. तिसरे वाक्य मात्र इतिहासाच्या नावावर खपवलेली सोय आहे. आकडे आणि तारखा समोर ठेवल्या की ते टिकत नाही.

३/
प्रथम भाषेचा पुरावा. मंचर असो, घोडेगाव असो वा नारायणगाव, दोन मुलांच्या आईविषयी “तिचं ऑपरेशन झालंय” एवढे म्हटले की कोणते ऑपरेशन हे विचारावे लागत नाही. “त्याचं ऑपरेशन झालंय” म्हटले तर अपेंडिक्सचे की हर्नियाचे, असा प्रश्न येतो. कुटुंब पूर्ण झाल्यावर कोणाच्या शरीरावर शस्त्र चालणार, याचा निकाल भाषेनेच आधी लावून ठेवला आहे.

४/
हा प्रदेश मातृत्वाचा गौरव करण्यात कमी पडलेला नाही. नाणेघाटातील लेख सातवाहन राणी नागनिकेचा मानला जातो. पुढच्या सातवाहन राजांची नावे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईच्या नावाने चालतात. शिवनेरी तर जिजाऊंच्या नावाशी कायमचा जोडलेला आहे. परंतु मातेला वंदन करणे आणि मातेच्या शरीरावरील भार वाटून घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. इतिहासप्रेमी मंडळी पहिली गोष्ट उत्साहाने करतात आणि दुसरीच्या वेळी नजर चुकवतात.

५/
नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांची कथा महाराष्ट्रभर सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्यावर आत जाऊन प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे उभ्या राहिल्या. ही कथा नेहमी कलानिष्ठेचा दाखला म्हणून सांगितली जाते. बाळंत होणाऱ्या बाईला विसाव्याचा एक दिवसही न देणारी व्यवस्था कोणती, हा प्रश्न त्या टाळ्यांच्या कडकडाटात बुडून जातो.

६/
आता संततिनियमनाच्या इतिहासाकडे. त्याचा मराठी आरंभ सरकारी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या कामापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. अपत्ये किती आणि केव्हा, हे ठरवण्याचा अधिकार स्त्रीला असला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्यामागे ना सरकारी लक्ष्य होते, ना पोलीस.

७/
‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. सभागृहाने तो फेटाळला. म्हणजे आणीबाणीच्या ३७ वर्षे आधी मराठी मुलखात हा विषय विधिमंडळापर्यंत पोहोचला होता, तोही स्त्रीचे आरोग्य आणि गरिबांचे हित या भूमिकेतून.

८/
गांधीजी कृत्रिम साधनांचे कट्टर विरोधक होते. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला जाऊन त्यांच्याशी वाद घालून आल्या, तरी ते बधले नाहीत. पण त्याच १९३५ साली त्यांनी मांडलेली एक भूमिका क्वचितच सांगितली जाते. नसबंदीचा कायदा लोकांवर लादणे त्यांना अमानुष वाटत होते. मात्र पुरुषाने स्वेच्छेने नसबंदी करून घेण्यास त्यांची हरकत नव्हती, कारण या व्यवहारात आक्रमक बाजू पुरुषाची असते, असे ते मानत.

९/
या भूमिकेतील दोन टोके नीट ध्यानात ठेवावीत : सक्ती अमानुष, स्वेच्छा मान्य. पुढची ४० वर्षे राज्यसंस्थेने पहिले टोक विसरून दाखवले. त्यानंतरची जवळजवळ ५० वर्षे पुरुषांनी दुसरे टोक विसरून दाखवले.

१०/
शस्त्रक्रियेचा जन्मही निष्कलंक नाही, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात १८९९ पासून तुरुंगातील कैद्यांवर ती केली गेली आणि १९०७ साली त्याच राज्याने ‘अयोग्य’ ठरवलेल्या माणसांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. दुबळ्यांचा वंश खुंटवण्याचे हत्यार म्हणून या शस्त्रक्रियेचा वापर झाला. म्हणून तिच्याविषयी बोलताना ‘कोणाच्या इच्छेने?’ हा प्रश्न नेहमी पहिला असला पाहिजे.

११/
स्वतंत्र भारताचा कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला. १९६० च्या दशकात नसबंदी ही मुख्यतः पुरुषांचीच बाब होती. मुंबईत महापालिकेचे डॉ. दत्ता पै यांनी रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रे उघडली. १९६७-६८ या वर्षी देशात सुमारे १८ लाख नसबंद्या झाल्या आणि त्यांतील दहापैकी नऊ पुरुषांच्या होत्या. ‘भारतीय पुरुष मुळातच तयार नसतो’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

१२/
हे सारे निखळ स्वेच्छेने झाले, असे मात्र नाही. पैशांचे आमिष होते, माणूस आणून देणाऱ्याला दलाली होती. केरळात एर्नाकुलम येथे जुलै १९७१ च्या एका महिन्यात ६३ हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. आलेल्या माणसाला रोख रक्कम आणि वस्तू मिळत. पोटाची भ्रांत असलेल्याची संमती कितपत स्वतंत्र, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

१३/
आता धाग्यातील कळीचे वर्ष : १९७३-७४. महाशिबिरे थंडावल्यावर देशात त्या वर्षी पुरुषांच्या सुमारे ४ लाख नसबंद्या झाल्या, तर स्त्रियांच्या सुमारे ५ लाख ४० हजार. स्त्रियांचा आकडा पुरुषांच्या पुढे गेला. पुढच्या वर्षीही तेच चित्र राहिले. आणीबाणी जाहीर झाली २५ जून १९७५ रोजी. म्हणजे शिबिरातील पैसा आटताच पुरुष मागे सरले आणि ओझे स्त्रियांकडे गेले, ते आणीबाणीच्या आधी. जी घटना घडलीच नव्हती, तिच्या भीतीने कोणी मागे सरत नाही.

१४/
नंतर आली ती सक्ती. १६ एप्रिल १९७६ रोजी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर झाले. शिक्षक, तलाठी, आरोग्य कर्मचारी यांना ‘केसेस’ आणण्याची लक्ष्ये दिली गेली. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख ६० हजार नसबंद्या झाल्या. त्यांतील सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या.

१५/
महाराष्ट्र यात मागे नव्हता, उलट एक पाऊल पुढे होता. तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ साली मंजूर केले. असे करणारे ते देशातील पहिले विधिमंडळ. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. फुले, आगरकर, कर्वे यांचा वारसा सांगणाऱ्या राज्याच्या इतिहासात हे पान आहे आणि शालेय पुस्तकांत ते शोधूनही सापडणे कठीण.

१६/
सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत जानेवारी १९७६ मध्ये काय घडले, तेही नोंदलेले आहे. नगरपालिकेच्या शिबिराला पहिले दोन दिवस माणसे फिरकेनात. मग ट्रक फिरू लागले. बाजाराला, कामाला आलेल्या खेडुतांना ओढून नेऊन शस्त्रक्रिया केल्या गेल्या. शाह आयोगाने पुढे देशभरातून जे गोळा केले, त्यात नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंची आणि अविवाहितांवरील शस्त्रक्रियेच्या ५४८ तक्रारींची नोंद आहे. ही हिंसा होती. तिला दुसरे नाव देण्याची गरज नाही.

१७/
मार्च १९७७ मध्ये मतदारांनी हिशेब चुकता केला. ‘कुटुंबनियोजन’ हा शब्द बदलून ‘कुटुंबकल्याण’ झाला. १९७७-७८ मध्ये पुरुष नसबंदी ६२ लाखांवरून सुमारे १ लाख ८८ हजारांवर कोसळली. येथवर आणीबाणीचा युक्तिवाद बरोबर आहे. त्या वर्षी, त्या पिढीला वाटलेली भीती न्याय्य होती.

१८/
प्रश्न पुढचा आहे. राज्यसंस्था या अनुभवातून काय शिकली? लक्ष्ये ठेवू नयेत, हे ती शिकली नाही. लक्ष्ये पुढेही जवळजवळ २० वर्षे चालू राहिली. ती एवढेच शिकली की पुरुष दंगा करतो आणि मतपेटीतून सूड घेतो. स्त्री बाळंतपणासाठी दवाखान्यात येतेच, तिला तेथेच गाठता येते. शिवाय लॅप्रोस्कोप हाताशी आला होता. शिबिरे परत आली, फक्त टेबलावर झोपणारी व्यक्ती बदलली.

१९/
त्याची किंमत नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात दिसली. एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्या जिल्ह्यातील शिबिरांनंतर १३ स्त्रिया दगावल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले. १९७६ च्या पुरुषांसाठी सरकार पडले. २०१४ च्या स्त्रियांसाठी काय पडले?

२०/
आजचा महाराष्ट्र पाहावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ४९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पतीची नसबंदी झालेल्यांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. शंभर घरांत एकोणपन्नास ठिकाणी ती आणि जेमतेम एखाद्या ठिकाणीही तो नाही.

२१/
आता आणीबाणीची सबब या आकड्याला लावून पाहावी. जुन्नरच्या द्राक्षबागेत किंवा मंचरच्या बाजार समितीत आज उभा असलेला तिशीतला बाप १९९० नंतर जन्मलेला आहे. बार्शीचे नाव त्याने ऐकलेले नसते. शाह आयोग त्याला ठाऊक नसतो. ज्या इतिहासाची त्याला माहितीच नाही, त्याचा आघात त्याच्या मनावर कसा असेल? त्याच्यापर्यंत पोहोचली आहे ती फक्त कुजबुज : “त्यानं माणूस कामातनं जातो.”

२२/
या कुजबुजीला उत्तर बैलगाडा शर्यतींच्या या प्रदेशात सोपे असायला हवे. बैल खच्ची करताना वृषणच निकामी केले जातात. त्यामुळे अंतःस्राव थांबतो आणि जनावराचा स्वभाव बदलतो. पुरुष नसबंदीत वृषणांना हातही लागत नाही. वीर्यवाहिनी ही बारीक नळी तेवढी बंद केली जाते. अंतःस्राव थेट रक्तात मिसळतो, त्याला त्या नळीची गरजच नसते. दाढी, आवाज, इच्छा, ताकद सारे पूर्वीसारखेच राहते. खच्चीकरण आणि नसबंदी यांतील फरक शेतकऱ्याला कळत नाही, असे मानणे हा शेतकऱ्याचा अपमान आहे.

२३/
शस्त्रक्रियाही १९७६ ची राहिलेली नाही. चीनमधील डॉ. ली शुनचियांग यांनी १९७४ साली विकसित केलेली पद्धत आज ‘बिनटाका पुरुष नसबंदी’ म्हणून सरकारी रुग्णालयांत उपलब्ध आहे. तेवढाच भाग बधिर करून, एका बारीक छिद्रातून, सुमारे २० मिनिटांत ती होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. परिणाम लगेच मिळत नाही. तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते आणि वीर्यतपासणीनंतरच खात्री मिळते. हे तीन महिने न पाळल्यामुळे दिवस राहिले की ‘ऑपरेशन फसलं’ अशी आवई उठते आणि संशयाची सुई विनाकारण बायकोकडे वळते.

२४/
स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागते किंवा त्यात दुर्बीण घालावी लागते. भूल अधिक, धोका अधिक, विश्रांतीची गरज अधिक. ती विश्रांती तिला कोठे मिळते? पश्चिमेकडे आहुपे, भीमाशंकरच्या पट्ट्यात भाताची आवणी वाकूनच करावी लागते, हंडे चढावरूनच आणावे लागतात. पूर्वेकडे कांदा आणि टोमॅटो तिच्या टाक्यांसाठी थांबत नाहीत. ‘त्याला जड काम असतं, म्हणून तिचं ऑपरेशन’ हे वाक्य म्हणणाऱ्याने तिच्या कामाचे वजन कधी केलेले नसते.

२५/
‘हा प्रश्न फक्त शिक्षणाने सुटेल’ असे सुशिक्षितांचे लाडके मत आहे. पुरुष नसबंदीच्या बाबतीत महाराष्ट्रात वर्षानुवर्षे गडचिरोलीचे नाव घेतले जाते. आदिवासीबहुल, दुर्गम आणि नेहमी ‘मागास’ म्हणून हिणवला जाणारा जिल्हा. तेथील पुरुषाला जे जमते, ते पुण्याच्या पदवीधराला जमत नसेल तर उणीव शिक्षणाची नाही, संस्कारांची आहे.

२६/
आणखी एक आक्षेप : “पुढं काही विपरीत घडलं तर?” प्रश्न रास्त आहे. नसबंदी कायमची समजूनच करावी. नळी पुन्हा जोडता येते, मुंबईच्या डॉ. फडके पितापुत्रांनी १९६० च्या दशकात त्यावर जगाने दखल घ्यावी असे काम केले. पण मूल होण्याची हमी कोणी देऊ शकत नाही. मात्र हाच प्रश्न तिच्या ऑपरेशनच्या वेळी कोणी का विचारत नाही? विपरीत घडलेच तर त्याला दुसरे लग्न करता यावे, असा तर त्या काळजीचा छुपा अर्थ नाही?

२७/
‘कुटुंब पूर्ण झाले’ हे कोण ठरवते, हेही तपासावे. कित्येक घरांत त्याचा अर्थ ‘मुलगा झाला’ एवढाच असतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले तर ग्रामपंचायतीचे पद जाईल, हा नियम राज्याने केला, तेव्हा खुर्चीसाठी पुरुषांनी अपत्ये मोजायला चटकन शिकून घेतले. पण नियमाने अपत्ये मोजली, ती रोखताना कोणाच्या अंगावर शस्त्र चालले हे मोजले नाही.

२८/
या धाग्याचा अर्थ ‘प्रत्येक बापाने नसबंदी करावी’ असा लावू नये. तो हुकूम १९७६ च्या जातीचा ठरेल. कोणाला कायमचा उपाय नको असेल तर इतर साधने आहेत. परंतु दोघांनी मिळून कायमचा उपाय ठरवला असेल, तर सोपी, कमी धोक्याची शस्त्रक्रिया सोडून अवघड शस्त्रक्रिया तिच्या वाट्याला का, याचे उत्तर त्याने दिले पाहिजे. आणि त्या उत्तरात आणीबाणीचे नाव घेऊ नये.

२९/
बार्शीच्या ट्रकमध्ये कोंबलेल्या माणसांवर अन्याय झाला, कारण त्यांना विचारले गेले नाही. त्यांच्या वेदनेचा आडोसा करून आपल्या पत्नीलाही न विचारणारा पुरुष त्यांचा वारस नव्हे. तो त्या ट्रकवाल्यांच्या अधिक जवळचा आहे. आणीबाणीचा खरा धडा एकच : शरीर ज्याचे, निर्णय त्याचा, आणि म्हणून जबाबदारीही त्याची.

३०/
घोडेगाव किंवा नारायणगावच्या ग्रामीण रुग्णालयाच्या पायऱ्या एखादा दोन मुलांचा बाप स्वतः ठरवून चढतो, तेव्हा तो १९७६ ची पुनरावृत्ती करत नसतो. त्याच्यामागे १९२१ चे कर्वे आणि १९३८ चा तो फेटाळलेला ठराव असतो. त्या पायऱ्या आजवर बहुतेक वेळा तिनेच चढल्या आहेत.